बालीचा गरुड आणि सोलापूरचा उन्हाळा

एप्रिल २०२४. भर दुपारी बाई रिक्षातून उतरल्या. हातात सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं गाठोडं, दोन्ही हातांवर तोलून धरलेलं. माझ्या कामाच्या टेबलावर ते अलगद ठेवलं, चादर सोडली आणि म्हणाल्या, "बघ रे, काय होतंय याला. मला तर बघवत नाही आता."

बाईंनी मला चौथीत शिकवलं. आता त्या सत्तरीच्या पुढे आहेत. मी जुन्या लाकडी वस्तू दुरुस्त करतो. देव्हारे, झोपाळे, वाडा पाडल्यावर निघालेले खांब आणि तुळया. बाईंच्या घरचा झोपाळाही माझ्याच हातचा. त्यामुळे ही वस्तू माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. खरं तर ती वर्षभर आधी फोनवरून माझ्याकडे आली होती आणि तेव्हा मी चुकीचा सल्ला दिला होता. हे प्रकरण लिहून काढायचं मुख्य कारण तेच आहे.

चादरीत गरुड होता. ४५ सेंटिमीटर उंच, पंख फुललेले, खांद्यावर विष्णू, पायाखाली नाग. बालीत याला 'गरुड विस्नू' म्हणतात. बैठकीपासून छातीपर्यंत उभी भेग गेलेली, तीत पिवळट लांबीचे (पुट्टीचे) तुकडे अडकलेले, आणि चादरीवर मैद्यासारखी बारीक पूड सांडलेली.

वस्तू आली कुठून

जुलै २०२२ मध्ये बाई लेक-जावयाबरोबर बालीला गेल्या. त्यांचा पहिलाच परदेश प्रवास. उबुदजवळ मास नावाचं गाव आहे, लाकडाच्या कोरीव कामासाठी नावाजलेलं. तिथल्या एका दुकानामागच्या पडवीत बाई तासभर बसून राहिल्या. कारागीर जमिनीवर बसलेला, शेजारी पंचवीस-तीस पटाशा ओळीनं मांडलेल्या, आणि कोरायचा ओंडका त्यानं दोन्ही तळपायांत घट्ट धरलेला. लाकूड आवळून धरायला वाइसही नाही. पायच शिकंजा. बाई मला म्हणाल्या, "आपल्याकडे वस्तूला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. तो माणूस देवाला पायांत धरून घडवत होता, आणि त्याचं मन इतकं लागलेलं होतं की मला त्यात काही वावगं वाटलंच नाही."

विनता आणि कद्रूची गोष्ट बाई आम्हांला वर्गात सांगायच्या. आईला दास्यातून सोडवायला गरुड अमृत आणायला जातो, ती. इंडोनेशियाच्या राजमुद्रेवरही गरुडच आहे. त्याच्या पंखांची पिसं १७-१७, शेपटीची ८, आणि ढालीखालची १९ व मानेवरची ४५ मिळून १७ ऑगस्ट १९४५ हा त्यांच्या स्वातंत्र्यघोषणेचा दिवस होतो. बाईंनी विमानतळावरच्या मुद्रेवर ती पिसं मोजून पाहिली होती. हाडाचा शिक्षक कुठंही गेला तरी वर्ग सोडत नाही. असा गरुड समोर दिसल्यावर त्यांनी तो घेतल्याशिवाय परतणं शक्यच नव्हतं.

दुकानदारानं सांगितलं, लाकूड 'सुआर', एकसंध ओंडका, कुठंही जोड नाही. बाईंना हे 'एकसंध' फार आवडलं. पुढची भेग त्याच शब्दात दडलेली होती.

मुंबई विमानतळावर काही अडचण आली नाही. किंमत तेव्हाच्या बॅगेज नियमांतल्या ५०,००० रुपयांच्या सवलतीत बसत होती आणि जावयानं लाकडी वस्तू असल्याचं स्वतःहून सांगितलं. हे सांगावंच. लाकूड आणि वनस्पतिजन्य माल देशात आणण्यावर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाचं नियंत्रण आहे, आणि सालीसकटचं किंवा ओलं लाकूड कुणीही सामानात घालू नये. त्या भागात 'सोनोकेलिंग' नावानं विकतात ते आपलं शिसव. शिसवाचं सगळं कूळ २०१७ पासून साइट्स कराराच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, तयार वस्तूंना वजनाच्या मर्यादेत सूट आहे. समुद्री कासवाच्या पाठीच्या वस्तूंना मात्र हातच लावू नये.

पहिली दोन वर्षं

गरुड सोलापुरात पोचला तो पावसाळ्यात. हवा दमट, त्यामुळे दिवाळीपर्यंत काहीच झालं नाही. हॉलमधल्या काचेच्या शोकेसमध्ये, पश्चिमेच्या खिडकीसमोर त्याला जागा मिळाली. दर एकादशीला बाई ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि गंधाचा ठिपका लावायच्या.

डिसेंबरात बैठकीवर केसाएवढी रेघ दिसली. होळीपर्यंत तीत नख जाऊ लागलं. एप्रिल २०२३ मध्ये बाईंचा फोन आला. मी दुसऱ्या कामात होतो. वस्तू न बघताच म्हणालो, "बाई, लाकूड आहे, तिरकणारच. रंगाऱ्याकडून लांबी भरून घ्या आणि वरून पॉलिश मारा." त्यांनी तसं केलं.

यात काय चुकलं ते सांगतो. एप्रिलमध्ये सोलापूरचं लाकूड वर्षातलं सगळ्यांत कोरडं असतं, म्हणजे भेग सगळ्यांत रुंद असते. त्या रुंद भेगेत कडक लांबी भरली. पावसाळ्यात लाकूड फुगलं, भेगेला मिटायचं होतं आणि मध्ये लांबीची पाचर उभी. दोन्ही काठ तिच्यावर दाबले गेले, काठांचे तंतू चेपले. चेपलेलं लाकूड परत पूर्वीसारखं फुगत नाही. हवा कोरडी झाल्यावर ते आकसलं आणि भेग पहिल्यापेक्षा रुंद झाली. लांबी सुटून तिचे तुकडे पडले. शिवाय ठोकळ्याच्या मागच्या बाजूला दोन नव्या चिरा आल्या. घरोघरी दारांच्या चौकटींवर, देव्हाऱ्यांवर हेच चालतं आणि दोष लाकडाला दिला जातो. या वेळी दोष माझा होता.

टेबलावर

मी पहिल्यांदा मूर्ती उलटी केली. बैठकीचा तळ बिनपॉलिशचा होता, आणि तळावर वाढीची वर्तुळं एका बिंदूभोवती फिरताना स्पष्ट दिसत होती. तो बिंदू म्हणजे झाडाचा गाभा. भेग थेट त्या बिंदूपासून निघून समोरच्या काठाला मिळाली होती.

म्हणजे हा गरुड आख्ख्या खोडाच्या तुकड्यातून काढलेला होता. लाकूड वाळताना सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. लांबीत जवळपास नाहीच, गाभ्याकडून सालीकडे थोडं, आणि वर्तुळांच्या दिशेनं, म्हणजे घेराभोवती, सगळ्यांत जास्त. गाभा पोटात असलेल्या ओंडक्याचा घेर जितका आखडू बघतो तितकी त्याची त्रिज्या आखडत नाही. घेराला कुठंतरी उसवावंच लागतं. फळीला ही अडचण नसते, कारण करवतीनं वर्तुळ आधीच तोडलेलं असतं. ज्या एकसंधपणाचं कौतुक झालं होतं त्यानंच भेग आणली.

मग लाकूड कोणतं ते पाहिलं. मधला भाग चॉकलेटी, त्याभोवती पिवळट पांढरी कड, भिंगाशिवाय दिसणारी मोठी छिद्रं. सुआर म्हणजे आपला रेन ट्री, मुंबईच्या रस्त्यांवर छत्रीसारखा पसरतो तोच. मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला, आता सगळ्या उष्ण प्रदेशांत लावलेला. बाईंना हे ऐकून क्षणभर वाईट वाटलं. त्यांना वाटत होतं की हे बालीचंच काही दुर्मीळ लाकूड असेल. मी म्हणालो, कारागिरानं ते विचार करूनच निवडलंय. रेन ट्री फार कमी आकसतो. पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुका होईपर्यंत त्रिज्येत साधारण २ टक्के आणि घेरात साडेतीनच्या आत. म्हणून तो ओला असतानाच कोरता येतो, आणि ओलं लाकूड पटाशीला लोण्यासारखं लागतं.

"सागवानाचाच घ्यायला हवा होता," जावई म्हणाले. सागाच्या आतल्या पक्क्या लाकडाला कीड लागली नसती हे खरं. पण सागाचं आकसणं त्रिज्येत अडीच आणि घेरात पावणेसहाच्या आसपास आहे. तितकाच ओला, गाभ्यासकटचा सागाचा ओंडका याहून जास्त फाटला असता.

तो किती ओला होता? इथं जावयांची एक सवय कामाला आली. सामानाचं वजन जास्त होऊ नये म्हणून त्यांनी हॉटेलात हातकाट्यावर गरुड तोलला होता आणि फोनमध्ये लिहून ठेवलं होतं: ७.८ किलो. माझ्या काट्यावर त्या दिवशी ६.७ भरला. एक किलो शंभर ग्रॅम पाणी उडालेलं. माझं ओलावा मोजायचं मीटर ६ टक्के दाखवत होतं, म्हणजे निव्वळ सुकं लाकूड साधारण ६.३ किलो. ओलावा सुक्या लाकडाच्या वजनावर मोजतात, त्यावरून खरेदीच्या दिवशी तो २३ टक्के निघतो. बालीच्या दमट हवेत नीट मुरलेलं लाकूड १६ टक्क्यांच्या आसपास थांबतं. म्हणजे गरुड तिथल्या हवेच्या मानानंही कच्चा होता. त्यात अर्धा लिटरभर पाणी जास्तीचं होतं.

बाईंच्या नातवाला, तो अकरावीत आहे, मी कागद-पेन्सिल दिली. बैठकीचा व्यास २२ सेंटिमीटर, घेर सुमारे ६९० मिलिमीटर. ओलावा २३ वरून ६ वर आला. या टप्प्यात घेराचं आकसणं त्रिज्येच्या मानानं साधारण ०.८५ टक्क्यानं जास्त. ६९० चे ०.८५ टक्के म्हणजे जवळजवळ ६ मिलिमीटर. पट्टी लावून पाहिली तर समोरची भेग ५ मिलिमीटर, उरलेला मिलिमीटर मागच्या दोन चिरांत. पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. मलाही इतकं जुळेल असं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मासमध्ये मूर्ती उलटी करून तळाची वर्तुळं बघितली असती, आकाराच्या मानानं ती किती जड लागते हे हातात घेऊन पाहिलं असतं, तर शेजारच्या फळीवरचा, गाभा वगळून कापलेला एखादा गरुड मिळालाही असता. पण बाईंना तोच हवा होता, ज्याच्या जन्मवेळी त्या तासभर बसल्या होत्या. हे मला पूर्ण पटतं.

पूड

भेगेपेक्षा मला पुडीची काळजी जास्त होती. बाईंचे शेजारी ती वाळवी ठरवून मोकळे झाले होते. नेहमीची, जमिनीतून येणारी वाळवी मातीच्या नळ्या करून येते, तिला ओल लागते, आणि ती अशी कोरडी पूड टाकत नाही; कोरड्या लाकडातली वाळवी टाकते तेही दाणे असतात, मैद्यासारखी पूड नव्हे. ही पूड बोटांत चोळली तर टाल्कम पावडरीसारखी लागत होती. छिद्रं दीड मिलिमीटरची, अगदी गोल, आणि सगळी पांढऱ्या कडेत. चॉकलेटी भागात एकही नाही.

हे काम लिक्टस जातीच्या भुंग्याचं. मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते, अळी आतला स्टार्च खात महिनोन् महिने, कधी वर्षाहून जास्त, बोगदे पाडत राहते आणि भुंगा होऊन बाहेर पडते. छिद्र दिसतं तेव्हा एक पिढी निघून गेलेली असते. पॉलिश केलेल्या भागावर तिला अंडी घालता येत नाहीत. पण तळ उघडा होता, आणि कारागीर सहसा तळाला पॉलिश करत नाहीत. कीड बालीहून आली की इथं लागली हे आता कळायचा मार्ग नाही. हा भुंगा जगभर सापडतो.

ती जिवंत आहे का, एवढं कळू शकत होतं. जुन्या प्रत्येक छिद्राभोवती मी पेन्सिलीनं गोल केला, गरुड काळ्या कागदावर ठेवला आणि तीन आठवडे हात लावला नाही. कागदावर चार ठिकाणी ताज्या पुडीचे ढीग जमले, आणि पेन्सिलीचा गोल नसलेली दोन नवी छिद्रं मिळाली.

दरम्यान बाईंच्या जाऊबाईंचा निरोप आला होता: खंडित मूर्ती घरात ठेवू नये, विसर्जन करून मोकळी हो. बाई दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. मला फोन करून म्हणाल्या, "तू सांग, ही मूर्ती आहे की वस्तू?" मी काही शास्त्री नव्हे. एवढं सांगू शकलो की बालीचे लोक स्वतः हा फरक काटेकोरपणे पाळतात. देवळातल्या मुखवट्यांवर आणि मूर्तींवर ते 'पसुपती' नावाचा विधी करतात, तेव्हाच त्यात शक्ती आली असं मानतात. देवळाच्या मुखवट्यासाठी ते 'पुले'चं लाकूड घेतात, म्हणजे आपली सातवीण. दुकानातल्या वस्तूवर तो विधी झालेला नसतो. बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी गंध लावायला नको होतं." पुढे म्हणाल्या, "पण टाकणार नाही मी त्याला."

उपचार

घरगुती उपाय सगळ्यांनी सुचवले. रॉकेल ओता. उन्हात ठेवा. रॉकेलनं लाकूड डागाळतं, वास महिनोन् महिने जात नाही आणि खोलवरच्या अळीपर्यंत ते पोचत नाही. सोलापूरच्या मे महिन्यातलं ऊन वरचा थर तापवून आणखी चिरा पाडतं, आत मात्र कीड मारण्याइतकी उष्णता पोचत नाही. कीटकनाशक तळाला लावता आलं असतं, पण पॉलिशमधून ते आत शिरत नाही.

आम्ही गारठा निवडला. वस्तुसंग्रहालयांत लाकूड, कापड, पुस्तकं यांच्यासाठी ही पद्धत रुळलेली आहे: उणे २० अंशांच्या आसपास दोन आठवडे. माझ्या ओळखीच्या एका आइस्क्रीम एजन्सीत मोठा डीप फ्रीजर रिकामा होता. गरुडाला आधी दोन सोलापुरी टॉवेल गुंडाळले, मग प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, हवा दाबून काढून, चिकटपट्टी लावून बंद. टॉवेल महत्त्वाचा. थंड वस्तूवर धरणारं पाणी सुती कापड शोषून घेतं. ६ टक्के ओलाव्याच्या लाकडात बर्फ धरण्याएवढं मोकळं पाणी नसतं, त्यामुळे गोठून फुटायची भीती नव्हती. चौदा दिवसांनी बाहेर काढला, पिशवी न उघडता दोन दिवस तसाच ठेवला, मग पुन्हा चौदा दिवस. पिशवी घाईनं उघडली तर बाहेरची वाफ थेट लाकडावर धरते. हा एक नियम मी सगळ्यांना दोनदा सांगितला.

नंतर पुन्हा काळा कागद. जूनअखेर ते सप्टेंबर, कागद कोरा राहिला. बाईंच्या घरी जाऊन शोकेस, सोफा, प्लायवूडचं कपाट टॉर्चनं तपासून आलो. काही नव्हतं.

भेगेला मात्र मी पावसाळाभर हात लावला नाही. जुनी लांबी पटाशीच्या टोकानं कणाकणानं उकरली, एवढंच. दर पंधरा दिवसांनी रुंदी मोजली. एप्रिलमध्ये ५ मिलिमीटर होती ती ऑगस्टअखेर ३ वर आली. लाकूड कुणाच्याही मदतीशिवाय दोन मिलिमीटर मिटलं. एप्रिल २०२३ मध्ये मी थांबायला सांगितलं असतं तर काठ चेपले नसते.

सप्टेंबरात वखारीतून रेन ट्रीच्या फांदीचा सुका तुकडा आणला आणि त्याची भेगेच्या आकाराची निमुळती चिपळी तासली, भेगेहून अर्धा मिलिमीटर कमी जाडीची. ती सरसानं चिकटवली, पण भेगेच्या एकाच काठाला. दुसरा काठ मोकळा, म्हणजे लाकडाला वर्षभर उघडमीट करता येईल. उरलेल्या फटीत रंगवलेलं मऊ मेण. सरस आणि मेण दोन्ही उद्या कुणाला काढायचं झालं तर गरम पाण्यानं आणि हलक्या हातानं निघतात. तळाला दोन हात स्पिरिट पॉलिश दिलं, भुंग्याला दार बंद. विष्णूच्या मुकुटाजवळचं एक टोक उडालं होतं, ते मी नवं कोरलं नाही. माझी पटाशी त्या हाताची बरोबरी करणार नाही.

घरी परत

ऑक्टोबर २०२४ मध्ये गरुड परत गेला. पश्चिमेची खिडकी सोडून आतल्या भिंतीशी, कूलरचा झोत अंगावर येणार नाही अशा जागी. कूलर संध्याकाळी चार तास चालतो, हवा एकदम दमट होते आणि मग पुन्हा कोरडी. लाकडाला हा रोजचा हेलकावा नुसत्या कोरड्या हवेपेक्षा वाईट. शोकेसमध्ये आर्द्रतेचं छोटं घड्याळ बसवलं आणि खालच्या कप्प्यात पाण्याची वाटी ठेवली. बाहेर दुपारी २० टक्क्यांपर्यंत उतरणारी आर्द्रता आत ३५ च्या खाली जात नाही.

बाईंनी जुनी हजेरीची वही काढली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला नातू गरुड तोलतो, बाई लिहितात. एप्रिल २०२५ ला मी गेलो होतो. वजन ६.८ किलो. चिपळी आणि मोकळा काठ यांच्यामध्ये दीड मिलिमीटरची काळी रेघ उघडली होती, मेण एका बाजूनं सुटलेलं. बाईंनी भिंग पुढे केलं आणि विचारलं, "भरायची का रे ही?"

"नाही बाई. जुलैत मिटेल."

त्यांनी वहीत लिहिलं: १ एप्रिल, रेघ दीड मि.मी., भरायची नाही.